खडकाला चिकटलेली लिंपेट जागा सोडत नाही का?

कोल्हापुरातून गगनबावड्याचा घाट उतरून कोकणात सहलीला गेलेल्या मुलांना ओहोटीच्या वेळी खडकांवर लिंपेट या समुद्री गोगलगायीचे टोपीसारखे शंख दिसतात आणि ‘हा प्राणी पंप लावल्यासारखा शोषून ओढ घेऊन जन्मभर एकाच जागी बसतो’ असे त्यांना सांगितले जाते. मोठ्यांकडून ऐकलेले असल्याने कोणी तपासत नाही. प्रत्यक्षात ही दोन्ही विधाने अपुरी आहेत.

ब्रिटनच्या थंड, खडकाळ किनाऱ्यावरील सामान्य लिंपेट भरतीचे पाणी अंगावर आले की चालू लागते आणि खडकावरील शेवाळाचा पातळ थर खरवडून खाते. त्यासाठी तिच्या जिभेवर गोएथाइट या लोहखनिजाने बळकट झालेले दात असतात. २०१५ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांची ताणशक्ती कोळ्याच्या रेशमापेक्षाही अधिक असल्याचे दाखवले. ओहोटीपूर्वी ती सहसा स्वतःच्याच चिकट स्रावाच्या वाटेने मूळ ठिकाणी परतते, कारण तिथे शंखाची कड आणि खडक एकमेकांशी नेमके जुळलेले असतात. मऊ खडकात तर तिने घासून खाचच पाडलेली असते.

ओढीचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पाण्याखाली, फिरताना ती ओढ वापरते. मात्र हवेत ओढीचा जोर एका वातावरणाच्या दाबापलीकडे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोपलीकडे, जाऊ शकत नाही, आणि ओहोटीत बसलेल्या लिंपेटची पकड त्याहून जास्त भरते, कारण तेव्हा काम करतो तो तिच्या पायातून स्रवणारा घट्ट चिकट स्राव.