युद्धोत्तर प्रायश्चित्त (ख्रिस्ती धर्म)

युद्धात माणसे मारून परतलेल्या ख्रिस्ती सैनिकाला चर्चने घालून दिलेली उपवास, प्रार्थना आणि प्रभुभोजनापासून (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) ठरावीक काळ दूर राहण्याची शिस्त. चौथ्या ते अकराव्या शतकांत पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील अशा दोन्ही चर्चपरंपरांत तिचे पुरावे सापडतात. राजाच्या आज्ञेने, न्याय्य कारणासाठी लढताना केलेली हत्या हा खून नव्हे. पण त्यामुळे हात मळतातच आणि ते धुऊन काढावे लागतात, अशी या प्रथेमागची धारणा होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस मानसोपचाराच्या क्षेत्रात ‘नैतिक जखम’ (नीतीला सोडून घडलेल्या कृत्याने मनाला होणारी इजा) ही संकल्पना पुढे आली, तेव्हा विस्मरणात गेलेल्या या प्रथेकडे अभ्यासकांचे आणि लष्करी धर्मगुरूंचे पुन्हा लक्ष गेले.

बायबलमध्ये सैनिकी पेशाविषयी एकच एक सूर नाही. जुन्या करारातील गणना या पुस्तकात मिद्यानी लोकांशी लढून आलेल्यांना सात दिवस छावणीबाहेर राहून शुद्ध होण्याची आज्ञा आहे (३१:१९). दावीद राजाला मंदिर बांधायचे होते, पण त्याने पुष्कळ रक्त सांडले म्हणून ते काम त्याच्या मुलाकडे गेले. नव्या करारात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला शिपाई विचारतात, ‘आम्ही काय करावे?’ जुलमाने पैसे उकळू नका आणि पगारात समाधान माना, एवढेच तो सांगतो. नोकरी सोडा असे म्हणत नाही. कफर्णहूमच्या शताधिपतीच्या विश्वासाची येशू वाखाणणी करतो आणि कर्नेल्य या रोमन अधिकाऱ्याला पेत्राच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा मिळतो. मात्र शत्रूवर प्रीती करा, उजव्या गालावर मारणाऱ्यापुढे दुसराही करा, तलवार म्यानात घाला, हेही त्याच शुभवर्तमानांत आहे. पुढच्या वीस शतकांत प्रत्येक पक्षाने यांतले आपल्या सोयीचे वचन उचलले.

पहिल्या तीन शतकांतील चर्चचे उपलब्ध लेखन बहुतांशी सैन्याच्या विरोधात आहे. पेत्राला निःशस्त्र करताना प्रभूने प्रत्येक सैनिकाचा कमरपट्टा उतरवला, असे आद्य ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने लिहिले. २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील थेवेस्ते (आजच्या अल्जीरियातील तेबेसा) येथे मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने, आपण ख्रिस्ती असल्याने लढू शकत नाही असे सांगून भरती नाकारली आणि देहदंड पत्करला. पण याच काळात रोमन पलटणींत ख्रिस्ती शिपाई होते, हेही खरे. सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्माला आश्रय दिल्यावर हवा झपाट्याने पालटली. ३१४ च्या आर्ल परिषदेने शांततेच्या काळात शस्त्र टाकून देणाऱ्यांना प्रभुभोजनाची बंदी केली. मॅक्सिमिलियनच्या मृत्यूला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती.

आता सम्राट ख्रिस्ती, सैन्य ख्रिस्ती आणि सीमेवर शत्रू. त्यामुळे सैनिक व्हावे की नाही हा वाद मागे पडला आणि परत आलेल्याचे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. कैसरियाचा बिशप बेसिल (सु. ३३०–३७९) याने बिशप अँफिलोकियस याला लिहिलेल्या पत्रात त्याचे उत्तर आहे. पुढे ते बेसिलचा तेरावा नियम म्हणून ओळखले गेले. आपल्या पूर्वजांनी युद्धातील हत्येला खून मानले नाही, असे सांगून तो पुढे म्हणतो की, तरीही अशांचे हात स्वच्छ नसल्यामुळे त्यांनी तीन वर्षे प्रभुभोजन घेऊ नये असा सल्ला देणे कदाचित बरे. वाक्यातला ‘कदाचित’ महत्त्वाचा आहे. हा हुकूम नाही, वडीलकीचा सल्ला आहे. बाराव्या शतकातील भाष्यकार झोनारस आणि बाल्सामोन यांनी हा नियम फारसा अमलात आला नसल्याचे नोंदवले. शूर शिपाई तर सतत लढतच असतात, मग त्यांना जन्मभर प्रभुभोजन मिळायचे नाही, ही त्यांची व्यवहारी अडचण. पण नियम अगदीच मृत नव्हता. दहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट निकेफोरस फोकस याने, लढाईत पडलेल्या सैनिकांना हुतात्मे घोषित करावे अशी मागणी केली, तेव्हा कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख (पेट्रिआर्क) पॉलियूक्टस आणि त्याच्या बिशपांनी याच नियमावर बोट ठेवून ती फेटाळली. ज्याला जिवंत परतल्यावर तीन वर्षे वेदीपासून दूर ठेवायचे, तो मेल्यावर संत कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पश्चिमेकडे न्याय्य युद्धाचा विचार ऑगस्टीनने (३५४–४३०) मांडला, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या विचाराची दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही. न्याय्य युद्धाचासुद्धा शोकच करावा लागतो. ज्याला या दुःखाची वेदना होत नाही आणि तरीही जो स्वतःला सुखी समजतो तो अधिक दुर्दैवी, कारण त्याने माणूसपण गमावलेले असते, असे त्याचे म्हणणे. मराठी वाचकाला येथे शांतिपर्वातला युधिष्ठिर आठवल्यावाचून राहणार नाही. हा शोक व्यवहारात उतरवण्याचे काम धर्मगुरूंसाठी लिहिलेल्या प्रायश्चित्त-पुस्तिकांनी केले. कँटरबरीचा आर्चबिशप थिओडोर याच्या नावे असलेल्या सातव्या शतकाच्या अखेरच्या संहितेत, सार्वजनिक युद्धात माणूस मारणाऱ्यास चाळीस दिवसांचे प्रायश्चित्त सांगितले आहे.

या परंपरेचा सर्वांत तपशीलवार दस्तऐवज हेस्टिंग्जच्या लढाईनंतरचा आहे. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंडचा राजा हॅरल्ड याचा पराभव केला. विल्यमला पोपचे निशाण मिळाले होते, असे त्याचा समकालीन चरित्रकार सांगतो. तरीही जिंकून आलेल्या सैन्यावर नॉर्मन बिशपांनी प्रायश्चित्त बसवले आणि पोपचा प्रतिनिधी, सिऑनचा बिशप एर्मेनफ्रिड याने त्यावर शिक्कामोर्तब केले. जितकी माणसे मारली तितकी वर्षे प्रायश्चित्त. घाव घातला पण समोरचा मेला की वाचला हे ठाऊक नाही, तर दर माणसामागे चाळीस दिवस. किती मारले याची गणतीच नसेल तर उरलेल्या आयुष्यात आठवड्यातला एक दिवस, किंवा त्याऐवजी चर्च बांधावे अथवा एखाद्या चर्चला कायमची देणगी द्यावी. तिरंदाजांचा प्रश्न वेगळा होता, कारण आपला बाण कुणाला लागला हे त्यांना कळणेच शक्य नव्हते; त्यांना तीन उपवासकाळ (चाळीस दिवसांचे लेंट). कुणावरही वार केला नाही पण करण्याची इच्छा होती, अशालाही तीन दिवस. निव्वळ लाभासाठी लढलेल्याचे कृत्य मात्र खुनाच्या पारड्यात. ही यादी आज वाचताना हिशेबी वाटते, आणि श्रीमंतांना देणगीची पळवाट होती हेही उघड आहे. पण ती तयार करणाऱ्यांनी सैनिकाच्या मनात रात्री काय फिरते याची बारकाईने दखल घेतली होती. मोजता न येणे, नक्की न कळणे, मनातून इच्छा असणे, या प्रत्येकासाठी तिथे वेगळे कलम आहे. आधुनिक उपचारकांच्या प्रश्नावल्यांतही इतका भेद क्वचितच आढळतो.

तीस वर्षांत चित्र उलटे झाले. १०९५ मध्ये क्लेरमाँ येथील परिषदेत पोप दुसरा अर्बन याच्या पुढाकाराने ठरले की, मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे तर केवळ भक्तीने जेरुसलेमच्या मुक्ततेसाठी जो निघेल, त्याची ती मोहीमच सर्व प्रायश्चित्ताच्या जागी धरली जाईल. आजवर लढाईनंतर प्रायश्चित्त घ्यावे लागे, आता लढाई हेच प्रायश्चित्त झाले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने न्याय्य युद्धाच्या अटी नेमकेपणाने मांडल्या : योग्य सत्ता, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. अटी पुऱ्या झाल्या की सैनिकाच्या माथी दोष उरत नाही, असा त्यांचा पुढे सरधोपट अर्थ लावला गेला, आणि ऑगस्टीनचा शोक बाजूला पडला.

धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न मार्टिन ल्यूथरपुढे एका सैनिकानेच आणला. अस्सा फॉन क्राम या सरदाराच्या मनातील शंकांना उत्तर म्हणून ल्यूथरने १५२६ मध्ये, सैनिकांनाही तारण मिळू शकते का या विषयावर पुस्तिका लिहिली. पेशा आणि तो करणारा माणूस वेगळे, पेशा ईश्वराला मान्य असू शकतो, असे त्याचे उत्तर. सरदाराचे समाधान झालेही असेल. पण तपाने पापाची भरपाई होते ही कल्पनाच ल्यूथरला अमान्य असल्यामुळे परतलेल्याने करण्याजोगे काही या उत्तरात उरले नव्हते. मेनोनाइट, क्वेकर आदी शांतिवादी पंथांनी शस्त्रच नाकारले, म्हणून त्यांच्यापुढे हा पेच वेगळ्या रूपात आला.

लढाईपूर्वी पापनिवेदन (कुमसार) करण्याची चाल जुनीच होती. आधुनिक काळात चर्चचा भर तिच्यावरच राहिला. अमेरिकन यादवी युद्धात २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे फादर विल्यम कॉर्बी यांनी चकमकीत उतरू पाहणाऱ्या आयरिश ब्रिगेडला सामूहिक पापक्षमा दिली. तो प्रसंग पुढे चित्रांतून आणि पुतळ्यातून अमर झाला. संध्याकाळी माघारी आलेल्यांसाठी तसा विधी नव्हता. मुंबईतील कुलाब्याचे अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ उभारले आणि १८५८ मध्ये त्याचे अभिषेचन झाले. साम्राज्यातील अशा चर्चच्या भिंतींवर नावे आहेत ती पडलेल्यांची. जगलेल्यांचे ओझे ही चर्चची बाब आहे, असे एकोणिसाव्या शतकाला वाटत नव्हते.

विधी नसल्याने विसाव्या शतकात ज्याने त्याने आपापली वाट काढली. अमेरिकेतील टेनेसीचा ॲल्विन यॉर्क हा शेतकरी पहिल्या महायुद्धात आपल्या पंथाच्या शिकवणुकीमुळे लढायला तयार नव्हता. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी त्याच्याशी बायबल उघडून वाद घातला, तो रजेवर घरी गेला, डोंगरात प्रार्थना करून परतला आणि ८ ऑक्टोबर १९१८ रोजी आर्गोनच्या जंगलात मूठभर साथीदारांसह १३२ जर्मनांना कैद करून राष्ट्रवीर ठरला. त्या दिवशी त्याच्या गोळ्यांनी वीसहून अधिक माणसे मेली. या पराक्रमाचा बोलबाला होत असताना तो स्वतः मात्र आपल्या कीर्तीचा व्यापार करायला नाखूश असे. फादर जॉर्ज झाबेल्का हे १९४५ मध्ये टिनियन बेटावर, अणुबॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांचे कॅथलिक धर्मगुरू होते. नागासाकीवर बॉम्ब पडला तो जपानमधील सर्वांत मोठ्या कॅथलिक वस्तीवर. पुढे त्यांची भूमिका पूर्ण पालटली आणि उतारवयात त्यांनी जपानला जाऊन बॉम्बमधून वाचलेल्यांची क्षमा मागितली.

लेनर्ड चेशर यांचे उदाहरण या साच्यात बसत नाही, म्हणूनच ते विचारात घ्यावे लागते. शंभराहून अधिक हवाई मोहिमा केलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी चेशर नागासाकीवरील हल्ल्याच्या वेळी ब्रिटनचे निरीक्षक म्हणून विमानात होते. १९४८ मध्ये त्यांनी एका मरणासन्न माणसाला आपल्या घरी आणून त्याची शुश्रूषा केली, त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि पुढे अपंगांसाठी गृहांची साखळी उभी केली. भारतातील पहिले चेशर होम १९५६ मध्ये मुंबईत अंधेरीला सुरू झाले. स्यू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही १९५९ मध्ये मुंबईच्याच कॅथलिक कॅथीड्रलमध्ये झाला. लोकांनी हे सारे अणुबॉम्बचे प्रायश्चित्त मानले. चेशर यांनी मात्र ते नाकारले आणि त्या बॉम्बमुळे युद्ध संपून जीव वाचले हे मत अखेरपर्यंत सोडले नाही. अपराध कबूल न करताही केलेली सेवा प्रायश्चित्त ठरते का, यावर बेसिलकडे कलम नाही.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारशास्त्राने आघातोत्तर ताणविकाराला अधिकृत मान्यता दिली. त्या व्याख्येचा गाभा भीती हा होता. बॉस्टनमध्ये व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांना दिसले की, अनेकांना भीतीपेक्षा विश्वासघात आणि लाज पोखरत होती. वरिष्ठांनी न्याय पायदळी तुडवल्यामुळे होणारी हानी असा नैतिक जखमेचा अर्थ त्यांनी केला. ब्रेट लिट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यात स्वतः केलेले, रोखू न शकलेले किंवा पाहावे लागलेले कृत्यही आणले. लिट्झ यांच्या उपचारपद्धतीत रुग्ण एका दयाळू, आदरणीय व्यक्तीची कल्पना करून तिच्यापुढे घडलेले सारे सांगतो आणि ती काय म्हणेल ते बोलून दाखवतो. पाद्रीविना कुमसार, असे याला कोणी म्हटले तर फारसे चुकणार नाही.

फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात धर्मगुरू आणि मानसशास्त्रज्ञ मिळून चालवतात त्या कार्यक्रमाचा शेवट जाहीर समारंभाने होतो : सैनिक आपली कहाणी नागरिकांसमोर सांगतात आणि नागरिक, ही कृत्ये तुम्हाला आमच्या नावाने करायला पाठवले होते, असे म्हणून जबाबदारीचा वाटा उचलतात. भारतीय सैन्यात पाद्री हे पंडित, ग्रंथी, मौलवी यांच्याप्रमाणेच कनिष्ठ कमिशन्ड दर्जाचे धर्मशिक्षक असतात आणि धार्मिक विधींबरोबरच जवानांना धीर देणे हेही त्यांचे काम असते.

या पुनरुज्जीवनावर आक्षेपही आहेत. काही धर्मगुरूंच्या मते, ज्याने आज्ञा पाळली त्याच्यावर प्रायश्चित्त लादणे म्हणजे त्याला पुन्हा दोषी ठरवणे. आधीच स्वतःला अक्षम्य मानणाऱ्याच्या हाती ते घातक हत्यार ठरू शकते. शांतिवादी ख्रिस्ती उलट बाजूने हरकत घेतात की, सैनिकाची सदसद्विवेकबुद्धी दुरुस्त करून देणारे चर्च पुढच्या युद्धाची सोय करते. ऑर्थोडॉक्स अभ्यासकांतही बेसिलचा सल्ला आज शब्दशः लागू करावा की नाही याविषयी मतभेद आहेत.