आधी उतरायला शिका

साताऱ्यात संध्याकाळी कुठल्याही मोकळ्या मैदानावर जा, भरतीची तयारी करणारी पोरं दिसतील. सैन्यात माणसं पाठवायची या जिल्ह्याची रीत जुनी आहे. अपशिंगे गावाच्या नावाला तर ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलंय. आडव्या दांड्याला लटकून हनुवटी त्याच्या वर जाईपर्यंत स्वतःला ओढायचं, याला आपण पुल-अप म्हणतो, ही पोरं ‘बीम’ म्हणतात. सैन्यभरतीच्या चाचणीत दहा बीम मारले की ४० पैकी ४० गुण.

त्या दांड्याखाली मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा माझं वय ४८ होतं आणि वजन ६२ किलो. उडी मारून दांडा धरला. सहा सेकंदांत बोटं सुटली. शेजारी सराव करणारी एक मुलगी जवळ आली. “काकू, वर जायचं नंतर बघू. आठवडाभर नुसतं लटका. मग उतरायला शिका.”

जी बाई वर जाऊ शकत नाही, तिनं उतरायचं कुठून? हा प्रश्न घेऊन मी घरी आले.

उत्तर मिळण्याआधी मला आईचा आड आठवला. तिचं माहेर खटाव तालुक्यातलं, पाणी खोल. लग्नाआधी ती रोज कप्पीवरून पोहरा ओढायची: एक हात वर, चऱ्हाट खाली, मग दुसरा हात वर. पुल-अपमध्ये हात नेमके हेच करतात. कप्पी भार कमी करत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. म्हणजे १२ किलोचा भरलेला पोहरा वर आणायला निदान १२ किलोचाच जोर लागतो, वर कप्पीचं घर्षण. पण समजा, पोहरा ओढणारीपेक्षा जड निघाला, तर? पोहरा जागचा हलणार नाही आणि जोर लावला तर बाईच दोरावर वर जाईल. पुल-अप म्हणजे हीच गोष्ट. आईच्या हाताला बारा किलो पेलायचे होते. माझ्या वाट्याला प्रत्येक हातामागे एकतीस.

इथं एक छोटा हिशेब. ६२ किलो वजन अर्धा मीटर वर न्यायला साधारण ३०० ज्यूल (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) काम करावं लागतं. पाच ग्रॅम साखरेत जवळजवळ ८४,००० ज्यूल असतात. शरीराची कार्यक्षमता चौथा-पाचवा हिस्सा धरली, तरी एका चमचा साखरेवर पन्नासच्या वर पुल-अप निघायला हवेत. म्हणजे अडचण ऊर्जेची नाही, एका वेळी लावता येणाऱ्या जोराची आहे. (वजन उतरवायला म्हणून कुणी पुल-अप करत असेल, तर त्यापेक्षा यवतेश्वरचा घाट चालावा.)

हा जोर येतो कुठून? दिसायला दंड राबताना दिसतो, पण मुख्य काम पाठीचं. लॅटिसिमस डॉर्साय नावाचा रुंद स्नायू कमरेच्या हाडापासून आणि कण्याच्या खालच्या भागापासून निघतो आणि काखेतून जाऊन दंडाच्या हाडाला चिकटतो. त्याच्या जोडीला खवाटे मागं खेचणारे स्नायू. धनुष्य ओढतानाही हेच खवाटे मागं सरकतात. २०२३ साली बर्लिनमध्ये आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली, तेव्हा तिचा नेम सगळ्यांनी पाहिला. मी आता त्या चित्रफिती बघते तेव्हा माझं लक्ष तिच्या पाठीकडे जातं.

बायकांना हे पुरुषांपेक्षा अवघड जातं, हे खरंच आहे. १९९३च्या एका अभ्यासात बायकांच्या पायांची ताकद पुरुषांच्या सुमारे ६६ टक्के भरली, तर वरच्या धडाची सुमारे ५२ टक्के. बायकांच्या वरच्या धडात स्नायूंचा वाटाच कमी असतो. त्यात चाळिशी उलटते. भारतात पाळी थांबायचं सरासरी वय ४६-४७ आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं तशी हाडं वेगानं विरळ होतात, स्नायूही ओसरू लागतात. पण प्रशिक्षणाला स्नायू देत असलेला प्रतिसाद मात्र संपत नाही. १९९० साली मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं, तर अठ्ठेचाळिशीत ‘आता काय उरलंय’ असं कुणी म्हणू नये. मला तर हे वाक्य ऐकलं की राग येतो.

आता उतरण्याकडे येते. अजिंक्यतारा चढताना दम लागतो. उतरताना गप्पा मारत येतो आपण. आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात. ते दुखणं बहुतेक उतरण्याचं असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी शरीराला आवरूनही धरत असतो. लांब होता होता काम करणारा स्नायू आखडता आखडता काम करणाऱ्या स्नायूपेक्षा जास्त जोर पेलतो, आणि तोही कमी ऊर्जेत.

याचा सुरेख प्रयोग १९५२ साली इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीनं जोडल्या. एकानं पुढं पॅडल मारायचं, दुसऱ्यानं उलटी फिरणारी पॅडलं पायांनी अडवायची. दोघांच्या पायांवर जोर सारखाच. तरी पॅडल मारणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी पट जास्त लागला. वेग वाढवला तसा हा फरक अडीचपटीपासून पाचपटीपर्यंत गेला. रॉयल सोसायटीत प्रात्यक्षिक झालं, तेव्हा लहान चणीच्या ब्रेंडा बिगलँडनं फक्त अडवून अडवून धिप्पाड मर्डॉक रिचीला थकवलं. त्याच वर्षी आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं होतं. एका वर्षातल्या या दोन्ही गोष्टी माझ्या मनात आता एकत्रच राहतात.

यामागचं कारण स्नायूच्या आत आहे. स्नायूत मायोसिनचे बारीक आकडे ॲक्टिनच्या धाग्याला पकडून ओढतात. ओढायचं तर प्रत्येक पकड सोडायला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्चावा लागतो. स्नायू ताणला जात असेल तर बरेचसे आकडे नुसत्या ताणानंच सुटतात, खर्च वाचतो. शिवाय टायटिन नावाचं स्प्रिंगसारखं लांबलचक प्रथिन ताण सोसायला मदत करतं.

म्हणून स्टुलावर चढायचं, हनुवटी दांड्याच्या वर आणायची, पाय सोडायचे आणि जितकं सावकाश उतरता येईल तितकं उतरायचं. पहिल्या दिवशी मी दोन सेकंदांत खाली आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. हे लॅक्टिक आम्ल नव्हे. ते तासाभरात निघून जातं. हे तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांचं आणि त्यांच्या डागडुजीचं दुखणं. पण एकदा सोसलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामानं पुन्हा तेवढं दुखत नाही. म्हणून सुरुवातीला तीन-चार वेळाच उतरावं आणि मध्ये दोन दिवस जाऊ द्यावेत.

महिन्याभरात माझे दोनाचे सात सेकंद झाले. दंडाचं माप मात्र तेच. पहिल्या काही आठवड्यांतली वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते. मेंदू जास्त तंतूंना एकाच वेळी हाक मारायला शिकतो आणि विरुद्ध बाजूच्या स्नायूंना गप्प बसवायलाही. १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चरला दिसलं होतं की एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्याही हाताची ताकद वाढते. दुसऱ्या हाताच्या स्नायूनं तर काहीच केलेलं नसतं. स्नायू जाड होणं त्यानंतरचं, आणि त्याला खाणंही लागतं. मी सकाळच्या भाकरीबरोबर मटकीची उसळ आणि दोन अंडी धरली.

एक गोष्ट मी चुकले, ती सांगते. चौथ्या महिन्यात जोर आला म्हणून रोज लटकू लागले. कोपराच्या आतली बाजू दुखायला लागली, ताकाचा तांब्या उचलवेना. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा स्नायूपेक्षा फार सावकाश बळकट होते, तिला रक्तपुरवठाही कमी. पाच आठवडे थांबावं लागलं. चाळिशीनंतर बायकांत खांदा आखडणंही जास्त, मधुमेह असेल तर आणखी. हात कानाला टेकेपर्यंत न दुखता वर जात नसेल, तर दांड्याला हात लावण्याआधी डॉक्टरला दाखवा. रक्तदाब असेल तर जोर लावताना श्वास कोंडू नका.

तळवे स्वतःकडे करून धरलं की दंडाचा स्नायू जास्त कामाला येतो आणि थोडं सोपं जातं. नवव्या महिन्यात, मार्चमधल्या एका संध्याकाळी, याच पकडीनं हनुवटी पहिल्यांदा दांड्याच्या वर गेली. स्टूल नव्हतं, उडी नव्हती. ती मुलगी त्या वेळी मैदानावर पळत होती. मी वरूनच तिला हाक मारली आणि मग सावकाश उतरले.

घरी आल्यावर आईनं माझा हात हातात घेतला. बोटांच्या मुळाशी चार घट्टे पडलेत. त्यांवरून अंगठा फिरवत म्हणाली, “माझे पण इथंच होते गं.”