जो दिसत नाही तो भुलगा

हिवाळ्यात एकदा तरी तो व्हिडिओ फोनवर येतोच. मरीन ड्राइव्हजवळच्या पाण्यातून दोन-तीन करड्या पाठी वर येतात, मागे कुणीतरी "अरे बघ बघ" ओरडतंय आणि खाली मजकूर: डॉल्फिन मुंबईत परतले! 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर या परतण्याला ऊतच आला होता. माणूस घरात बसला नि निसर्ग आठवडाभरात ठणठणीत झाला, अशी ती गोष्ट. त्याच दिवसांत व्हेनिसच्या कालव्यांत डॉल्फिन आल्याचाही व्हिडिओ जगभर फिरला; तो निघाला सार्डिनिया बेटावरच्या एका बंदरातला. मुंबईचे डॉल्फिन मात्र खरेच होते, खोटं होतं ते 'परतले'. हंपबॅक डॉल्फिन हा उथळ किनारी पाण्यातला, खाडीच्या तोंडाशी वावरणारा प्राणी. तो गेलाच नव्हता. बघणारे तेवढे खिडकीत येऊन बसले होते.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच एकाबद्दल.

तारकर्लीला डॉल्फिन बघायला गेलो होतो. होडीवाल्या काकांनी इंजिन बंद केलं. आधी आवाज आला, फुस्स, सायकलच्या ट्यूबची हवा सोडावी तसा. मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा त्रिकोणी पर. सगळे मोबाइल तिकडे वळले. मी चुकून उलट्या बाजूला बघत होतो. तिथे काहीतरी काळपट, गुळगुळीत, पालथ्या तव्यासारखं क्षणभर वर आलं आणि गेलं. ना पर, ना उडी. काका म्हणाले, "तो आता परत दिसाचो नाय." खरंच दिसला नाही.

तो बिनपराचा पॉरपॉइज असावा. जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत त्याचं मराठी नाव 'भुलगा' असं नोंदलंय. लांबी जेमतेम माणसाएवढी, डोकं गोल, चोच नाही, पाठीवर पराऐवजी बारीक गाठींची पट्टी. पॉरपॉइज म्हणजे लहान डॉल्फिन नव्हे. डॉल्फिनचे दात सुळक्यासारखे, याचे फावड्यासारखे चपटे. दोघंही आपल्यासारखेच हवेत श्वास घेणारे सस्तन प्राणी, हे शाळेत झालंच आहे.

आता खरी गंमत. आपल्या किनाऱ्याच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग कमीच, म्हणून हा आवाजानं बघतो. श्वासाच्या छिद्राखाली, नाकाच्या मार्गात, ओठांसारख्या दोन जोड्या असतात. हवेच्या दाबानं त्या आपटतात आणि 'टिक्' होतं. कपाळातला चरबीचा गोळा त्या आवाजाचा झोत करून पुढे सोडतो. माशावर आपटून आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत पोचतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. मासा 15 मीटरवर असेल तर प्रतिध्वनी 20 मिलिसेकंदांत परत. तो आल्यावरच साधारणपणे पुढची टिक्. मासा जवळ येतो तसं हे अंतर आखडत जातं आणि शेवटी सेकंदाला शेकडो टिक्-टिक्‌ची नुसती भुणभुण होते.

ही टिक् सुमारे 130 किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 1,30,000 कंपनांची. आपले कान 20 ला थकतात. एवढी उंच पट्टी कशाला? 1500 ला 1,30,000 नं भागा: तरंगलांबी सव्वा सेंटिमीटरही भरत नाही. लहान डोक्यातून अरुंद झोत काढायचा तर तरंग आखूडच हवा. शिवाय ओर्काचे, म्हणजे शिकारी 'किलर व्हेल'चे, कान 100 किलोहर्ट्झच्या वर मंदावतात, म्हणजे शिकाऱ्याच्या कानाआड बोलण्याची ही सोय, असाही एक तर्क आहे. डॉल्फिन शिट्ट्या घालतात. हा घालत नाही.

याची किंमतही आहे. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट असतं, तेच ते पाय शेकायचं एप्सम सॉल्ट. त्याचे जोडीनं फिरणारे आयन दाबाच्या लहरीबरोबर सुटतात-जुळतात आणि त्यात ऊर्जा खातात. या पट्टीत हे शोषण किलोमीटरला 40 डेसिबलच्या आसपास जातं, आवाज पसरून विरळ होतो ते वेगळंच. (डेसिबलचं गणित नको असेल तर सोडून द्या: दर 10 डेसिबलला तीव्रता दहापट कमी.) म्हणून पाण्यात माइक सोडून पॉरपॉइज मोजायचे म्हटलं, तरी तो माइक काहीशे मीटरपलीकडचं ऐकत नाही. डोळ्यांना दिसत नाही, आणि ऐकायचं तर जवळ जावं लागतं.

आणि मग जाळं. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. पाणी आणि हवा यांच्यात फरक प्रचंड, म्हणून प्रतिध्वनी खणखणीत. जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, मात्र पाण्याच्या मानानं फार वेगळा नाही, जाडीलाही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, तरंगाच्या वीसपट बारीक. आवाज त्याला जवळपास ओलांडून जातो. जाळ्यात अडकलेला मासा भुलग्याला ठळक 'दिसतो', जाळं पुसट. अडकला की वर येता येत नाही, आणि तो बुडून मरतो. सस्तन प्राण्यानं समुद्रात बुडून मरावं!

युरोप-अमेरिकेत जाळ्याला पिंगर लावतात. सुमारे 10 किलोहर्ट्झचा पीं-पीं करणारा डबा, त्यानं तिथल्या पॉरपॉइजचं अडकणं कमी होतं. जाळ्याच्या लांबीभर ठरावीक अंतरावर असे डबे बांधायचे, बॅटऱ्या बदलायच्या. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी जाळं किती लांब सोडतात ते हातानं दाखवलं, मनात काहीतरी हिशेब केला आणि हसून इंजिन सुरू केलं.