ऑफसेटला हात लावण्याआधी

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये हे रोजचंच. सीएनसी लेथवरून शाफ्ट उतरतो, ऑपरेटर मायक्रोमीटर लावतो, डाया (व्यास) सहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सहा हजारांश, प्लसला निघतो. लगेच सहा मायक्रॉनचा ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलची जागा तेवढी सरकवायची. पुढचा जॉब (नग) मायनसला जातो, की पुन्हा उलटा ऑफसेट. सुपरवायझर खूश, कारण माणूस जागरूक दिसतो. खरं तर तो चांगलं चाललेलं मशीन बिघडवत असतो.

आकडे घालून बघू. ड्रॉइंगवर डाया 25 मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी सूट, वर-खाली 20 मायक्रॉन. मशीन नेमकं 25 वर सेट आहे, पण बारमधला कमी-जास्त कडकपणा, चकची पकड, कूलंट अशा बारीकसारीक कारणांनी प्रत्येक जॉब थोडा हलतो. या हलण्याचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचं माप) समजा 5 मायक्रॉन. म्हणजे जवळजवळ सगळे जॉब त्याच्या तिप्पट, वर-खाली 15 मायक्रॉनच्या आत. काहीच केलं नाही, तर टॉलरन्सबाहेर जातील लाखात सहा-सात.

आता दर जॉबनंतर दिसेल तेवढा ऑफसेट द्या. आधीच्या जॉबचा फरक योगायोगाचा होता, तो तिथंच संपला. आपण मात्र तो उलटा करून पुढच्या जॉबवर लादला, आणि त्या जॉबचा स्वतःचा फरक आहेच. असे दोन स्वतंत्र फरक एकत्र आले की विचलन 1.41 पट होतं. पाचाचे सात मायक्रॉन. रिजेक्शन लाखात सहा-सातवरून थेट हजारात चार-पाचवर. मेहनत करून!

मग हात लावायचा कधी? हा प्रश्न अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या टेलिफोन बनवणाऱ्या कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी सोडवला. मे 1924 मध्ये त्यांनी वरिष्ठांना जेमतेम पानभर टिपण दिलं, त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता. पुढे 1947-48 मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले.

चार्ट काढायला संगणक लागत नाही. दर तासाला सलग पाच जॉब मोजा, त्यांची सरासरी काढा आणि सर्वांत मोठ्या-लहान मापातला फरक, म्हणजे रेंज, लिहा. असे वीस-पंचवीस गट झाले की सगळ्या रेंजची सरासरी काढून तिला 0.58 ने गुणा. एकूण सरासरीची मधली रेघ मारा, तिच्या तेवढं वर आणि तेवढं खाली आणखी एकेक रेघ मारा, आणि दर गटाची सरासरी बिंदू म्हणून मांडा. गटाची सरासरी वरच्या-खालच्या रेघांच्या आत वर-खाली होत असेल, तर मशीनला सोडा. बिंदू बाहेर गेला, किंवा सलग आठ बिंदू मधल्या रेघेच्या एकाच बाजूला पडले, तर काहीतरी खरोखर बदललंय. इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजत असेल तर बिंदू हळूहळू एकाच दिशेला सरकताना दिसतात. तिथं ऑफसेट द्यायलाच हवा. अनेक ठिकाणी चार्टवर ड्रॉइंगचं टॉलरन्सच रेघ म्हणून मारलेलं असतं. तो चार्ट ऑडिटरला दाखवण्यापुरता. टॉलरन्स ग्राहक ठरवतो, या रेघा मशीन ठरवतं.

बिंदू बाहेर गेला तरी आधी मोजणी तपासा. स्टील एका अंशाला मीटरमागे साधारण 11-12 मायक्रॉन फुगतं. मशीनवरून गरम उतरलेला जॉब खोलीपेक्षा वीस अंशांनी तापलेला असेल, तर 25 मिलिमीटरचा डाया सहा मायक्रॉन जास्त दाखवतो. सुरुवातीचा तो प्लसला गेलेला जॉब आठवा. ॲल्युमिनियम असेल तर हा फरक जवळपास दुप्पट. जॉब थंड होऊ द्या, मग मोजा.

हीच गत ऑफिसातल्या आढावा बैठकीची. गेल्या आठवड्यात रिजेक्शन 2.1 टक्के, या आठवड्यात 2.4, म्हणून लाइन इन्चार्जला खुलासा मागायचा. तो बिचारा काहीतरी कारण शोधून देतो, त्यावर उपायही ठरतो, आणि पुढच्या आठवड्यात आकडा आपोआप खाली आला की उपाय लागू पडला म्हणून नोंद होते. वर्षभराचे आकडे एका कागदावर मांडले असते, तर 2.4 नेहमीच्याच पट्ट्यात आहे हे दिसलं असतं.

आणि मशीनचा स्वाभाविक पसाराच टॉलरन्सपेक्षा मोठा असेल, तर ऑपरेटरला कितीही झापा, फरक पडणार नाही. तिथं स्पिंडलचं बेअरिंग बदलायचं, फिक्स्चर सुधारायचं, नाहीतर तो जॉब दुसऱ्या मशीनवर टाकायचा. हे निर्णय ऑपरेटरच्या हातात नसतात. खर्चाच्या कागदावर सही करणाऱ्यानं ते घ्यायचे असतात.