अंध मुलाचं वागणं आणि स्वमग्नता: फरक कुठे बघायचा?

जन्मापासून न दिसणारं मूल तीन-चार वर्षांचं झालं की कुणीतरी शंका काढतंच: 'याला ऑटिझम तर नाही ना?' शंका अगदीच वावगी नसते. मूल बोलणाऱ्याकडे तोंड करत नाही, बोट दाखवत नाही, बसल्या जागी डुलतं, ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतं. तहान लागली की 'तुला पाणी हवंय?' म्हणतं, कारण पाणी मिळताना कानावर तेच वाक्य पडत आलंय. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांतही हे सगळं दिसतं.

फरक शोधताना चेहऱ्यावर विसंबू नये, हात बघावेत. अमेरिकेतल्या बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी अंध बाळांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून हेच सांगितलं: चेहरा कोरा वाटला तरी बोटं बोलत असतात. आईचा आवाज आला की बाळ एकदम स्तब्ध होतं. आईला वाटतं, याला माझं काहीच नाही. खरं तर ते कान देऊन ऐकत असतं.

जरा मोठं मूल नवी वस्तू तुमच्या हातात कोंबून 'हे काय?' विचारतं का? चपला वाजल्या की 'आजी आली!' म्हणून खुलतं का? ओळखीचं गाणं मुद्दाम चुकवलं तर हसतं का? हे असेल तर माणसांची ओढ शाबूत आहे. फक्त ती नजरेतून दिसत नाही. स्वमग्नतेत मूळ अडचण माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतच असते, त्यामुळे आवाज आणि स्पर्शातूनही ही ओढ कमी किंवा निराळ्या तऱ्हेची जाणवते. डुलण्यावरून मात्र काहीच ठरवू नये.

नेहमीच्या चाचण्या नजरानजर, बोट दाखवणं, हावभाव यांवर बेतलेल्या असतात. अंध मूल तिथे आधीच मागे पडतं. लंडनचे संशोधक पीटर हॉब्सन आणि टोनी ली यांनी 2010मध्ये मांडलेल्या अभ्यासात लहानपणी स्वमग्नतेचे निकष लागू झालेल्या 9 अंध मुलांपैकी किशोरवयात एकालाच ते लागू पडले. मुलं थोडीच होती, तरी शिक्का मारायची घाई नको हे पटतं.

उलट बाजूही आहे. दृष्टिचेताच (डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणारी नस) नीट न वाढलेल्या मुलांत स्वमग्नता अधिक आढळते. 'दिसत नाही, म्हणून असं वागतो' म्हणत बसलं तर खरी मदत लांबते. तपासणीला अंध मुलांसोबत काम करणारी व्यक्ती असावी आणि घरातले मोबाइलवरचे व्हिडिओ सोबत न्यावेत. परक्या खोलीत हे मूल बहुधा गप्प बसतं, आणि अहवालात नेमकं तेच उतरतं.