विशेष शिक्षणाच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची मुदत (अमेरिका)

दिव्यांग मुलाच्या शिक्षणाबाबत अमेरिकेतील सार्वजनिक शाळेने घेतलेला निर्णय पालकांना मान्य नसेल, तर त्याविरुद्ध किती काळात तक्रार करायची याची कायद्याने घातलेली मर्यादा. अशा मुलांना मोफत आणि योग्य शिक्षणाचा हक्क १९७५ च्या केंद्रीय कायद्याने मिळाला; १९९० पासून तो कायदा ‘आयडिया’ (इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट) या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. अशी तक्रार करून सुनावणी (न्यायालयात जाण्याआधी निष्पक्ष अधिकाऱ्यापुढे होणारी) मागण्याची मुदत मात्र त्यात बरीच वर्षे नव्हती आणि न्यायालये ती राज्यांच्या कायद्यांवरून ठरवत. २००४ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे केली. राज्याने स्वतःची मुदत स्पष्टपणे ठरवली असेल तर ती लागू होते. विस्कॉन्सिनमध्ये ती एक वर्ष आहे, केंटकीत तीन.

ही दोन वर्षे मोजायची कधीपासून, यावरच खरे भांडण होते. कायदा म्हणतो, पालकांना ती गोष्ट कळली किंवा कळायला हवी होती त्या दिवसापासून. समजा, मुलाला वाचता येत नाही आणि शाळा दरवर्षी ‘येईल हळूहळू’ म्हणत राहते. चौथीत बाहेरच्या मानसशास्त्रज्ञाचा अहवाल हाती पडतो आणि वाचनदोष पहिलीपासूनच होता हे उघड होते. पालकांच्या मते मुदत अहवालाच्या तारखेपासून सुरू होते. शाळा दुसरीतल्या बैठकीचा कागद पुढे करते. त्यावर आईची सही असते. अशा वादात तारीख असलेले प्रत्येक पत्र जपून ठेवलेले असणे फार मोलाचे ठरते. तक्रार वेळेत आली आणि शाळेची चूक सिद्ध झाली, तर भरपाई त्या चुकीच्या संपूर्ण काळासाठी मिळू शकते, असा निवाडा तिसऱ्या सर्किटच्या (पेनसिल्व्हेनिया व आसपासच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला.

केंद्रीय कायद्यात मुदतीला अपवाद दोनच आहेत: प्रश्न सुटला असे शाळेने खोटे सांगून पालकांना थांबवले असेल, किंवा जी माहिती देणे बंधनकारक होते ती दडवली असेल. शाळेशी चाललेली बोलणी या अपवादांत बसत नाहीत. ‘पुढच्या बैठकीत बघू’ या शब्दावर भल्या मनाने विसंबणाऱ्या पालकांचेच इथे सर्वाधिक नुकसान होते.

राज्याच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करण्याचा मार्ग वेगळा आहे. तिथे उल्लंघन तक्रारीआधीच्या एका वर्षातलेच असावे लागते आणि निर्णय साधारण ६० दिवसांत येतो.

दोन वर्षे हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण मुलाचा वर्ग किंवा शाळा बदलण्याचा निर्णय झाला असेल तर त्यावर विसंबू नये. सुनावणीचा अर्ज दाखल झाला की वाद मिटेपर्यंत मूल सध्याच्या ठिकाणीच राहते. बदल अमलात येण्याआधी अर्ज केला तरच हे संरक्षण नीट उपयोगी पडते. म्हणून शाळेची लेखी पूर्वसूचना हातात पडताच त्यावरची तारीख पाहावी लागते.

अर्जानंतरच्या मुदती शाळेवरही आहेत. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत तिने समेटाची बैठक घ्यायची असते. ३० दिवसांत तोडगा निघाला नाही तर पुढच्या ४५ दिवसांत निकाल अपेक्षित असतो, पण तो लांबणीवर पडू शकतो. निकाल विरोधात गेला आणि राज्याचा वेगळा नियम नसला, तर न्यायालयात जायला निकालाच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात.