छंदाला टार्गेट कधीपासून लागलं?

मागच्या महिन्यात मी रोज दहा हजार स्टेप्सचं चॅलेंज सोडलं आणि वर्षाला ५२ पुस्तकं वाचायचं टार्गेट पण सोडून दिलं, तेव्हापासून नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर भेटणारं प्रत्येक जण विचारतंय, काय गं, तब्येत बरी आहे ना? तब्येत छान आहे. पण खरं उत्तर द्यायचं तर बरंच मागं जावं लागतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात सुट्टीपासून. रविवार आपल्याला आयता मिळालाय त्यामुळे तो कधी नव्हताच हे डोक्यातच येत नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू' हे वृत्तपत्र चालवणारे, त्यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, सहा वर्षं लावून धरलं तेव्हा कुठे १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम असं आलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्यासारख्या नोकरदार घरांत छंद शिरला तो ह्याच मोकळ्या वेळातनं.

आमच्या घरात तर अगदी तसंच झालं. वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. इंडिया सिक्युरिटी प्रेस हा सरकारी छापखाना १९२५ चा, त्याआधी आपली पोस्टाची तिकिटं लंडनहून छापून यायची आणि १९२६ पासून ती इथे छापायला लागले. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्याचं, तिरंगा आणि 'जय हिंद' लिहिलेलं, ते पण नाशिकचंच. पण प्रेसमधून कागदाचा कपटासुद्धा बाहेर येत नाही, त्यामुळे वडिलांचा सगळा संग्रह आलेल्या पाकिटांवरनं सोडवलेला, नातेवाईकांची पत्रं, शेजाऱ्यांची पत्रं, कुणाकडे परदेशातनं पाकीट आलं की ते आधी आमच्याकडे यायचं. रविवारी दुपारी जेवणं झाली की ते तिकिटं सोडवायला पाण्याची परात घेऊन बसायचे आणि त्या वेळी त्यांना कुणी हाक मारत नसे.

किती तिकिटं जमली हे त्यांनी कधी मोजलं असेल असं मला वाटत नाही.

मग मोजणं आलं कुठनं? तर ऑफिसमधनं. मॅनेजमेंटचे जाणकार पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टं ठरवून काम करायची पद्धत मांडली, १९८१ मध्ये जॉर्ज डोरन यांनी 'स्मार्ट' गोल्स आणले, म्हणजे गोल नेमकं हवं, मोजता यायला हवं, त्याला मुदत हवी वगैरे. कंपनीसाठी ते बरोबरच आहे, मी स्वतः अप्रेझलचे फॉर्म भरते, मला त्याचा उपयोग माहितीये. पण तीच भाषा मोबाइलमधनं आपल्या चालण्यात, वाचनात, अगदी झोपेतसुद्धा आली आणि आपण ती येऊ दिली.

दहा हजार पावलांचंच बघा. टोकियो ऑलिंपिक झालं १९६४ ला, जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं, तेव्हा १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि नाव ठेवलं मानपोकेई, म्हणजे दहा हजार पावलांचा मीटर. आकडा विक्रीसाठी चांगला होता, कुठल्या वैद्यकीय अभ्यासातनं आलेला नव्हता. पुढे २०१९ मध्ये वयस्कर बायकांवर अमेरिकेत अभ्यास झाला, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण ४४०० पावलांपासनंच फरक दिसला आणि ७५०० च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. आणि मी रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, १० हजारला सहाशे कमी म्हणून, आई सोफ्यावर एकटी बसलेली.

हळू चला म्हणणारे पण जुनेच आहेत. रोममध्ये १९८६ ला मॅकडोनाल्ड्सला विरोध झाला त्यातनं कार्लो पेत्रिनींची स्लो फूड, म्हणजे फास्ट फूडच्या उलट निवांत खाण्याची चळवळ उभी राहिली. पण मला त्याहून आपला शब्दच जवळचा वाटतो. छंद म्हणजे वृत्त, कवितेची लय, आणि छंद म्हणजे मनाची ओढ, इच्छा, 'स्वच्छंद' मधला छंद तोच. दोन्ही अर्थ संस्कृतपासनं एकाच शब्दात राहत आलेत.

वडील गेले त्यानंतर अल्बम सात वर्षं माळ्यावर होता. दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढला, सोबत न सोडवलेल्या पाकिटांची पिशवी होती. पहिल्या रविवारी मी वीस तिकिटं एकदम करायची असं ठरवून बसले आणि पाण्यात टाकल्यावर पाच मिनिटांत एक ओढलं, तर मागचा अर्धा कागद पाकिटालाच चिकटून राहिला आणि तिकीट मधोमध फाटलं. वडील काय करायचे ते मग हळूहळू आठवलं. पाणी कोमट. पाकिटाचा तुकडा तिकिटाच्या कडेपासनं बोटभर सोडून कापायचा, दाते कात्रीला लागता कामा नयेत. मग पंधरावीस मिनिटं हात लावायचा नाही, तिकीट आपणहून सरकायला लागतं. चिमट्याने उचलून मागचा डिंक बोटाने अलगद पुसायचा, जुन्या पेपरवर पालथं घालायचं, वाळलं की ते गोळा होतं म्हणून वजनाखाली ठेवायचं. वडील शब्दकोशाखाली ठेवायचे, मी पण तोच काढलाय.

आता गंगेवर (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) फिरायला जाते तेव्हा मोबाइल घरी असतो. सार्वजनिक वाचनालयातनं एकच पुस्तक आणलंय (१८४० चं आहे आपलं वाचनालय, आणि जगातलं पहिलं पोस्टाचं तिकीट पण १८४० चंच, हे मला अल्बम चाळताना लक्षात आलं), तीन आठवडे झाले, निम्मं झालंय.

परवाच्या रविवारी सात तिकिटं सुटली. एक आत्याच्या पत्रावरचं होतं, त्यावरचा शिक्का अर्धाच उमटलाय, 'नाशिकरो' एवढंच वाचता येतं. आईने चष्मा लावून बघितलं, म्हणाली हे तुझ्या बारशाच्या वेळचं पत्र. अजून शब्दकोशाखालीच आहे.